सारंगाची हजेरी

"आता जे सांगतोय त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. आणि ज्याचा बसेल त्याने आधी घरी जावं, कारण असल्या माणसाच्या शेजारी बसून खाडी ओलांडायला मला भीती वाटते," असं म्हणत सोनूतात्या मयेकरांनी चपला काढल्या आणि जेटीच्या कठड्यावर मांडी ठोकली.

ओहोटी होती. विजेवर चालणारी नवी कोरी तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चिखलात पोट टेकून पडली होती. घोटाभर पाण्यात जुनी तर चालत नसे, नवीही चालत नाही. सुधारणा एवढीच की आता खोळंबा होणार हे फोनवर आधी कळतं. उतारू सावली बघून बसले होते: तिकिटं फाडणारा गजा पेडणेकर, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या दोन मासळीवाल्या, आणि थोडी बाजूला, आपल्या जाडजूड पिशवीवरच टेकलेली नसरीन चौगुले. नसरीन मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर, सुट्टीवर घरी निघालेली. तात्याही जहाजावरचेच, पण भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. उभा जन्म खलाशांना आमटी वाढून दोन वर्षांपूर्वी घरी बसलेले. त्यांच्या गोष्टीतले मासे दर खेपेला हातभर वाढतात हे सगळ्या वाडीला माहीत होतं.

"विश्वासाचं आमच्यावर सोडा तात्या," गजा म्हणाला. "तुम्ही सोडायला लागा."

तात्या त्याच्याकडे दुर्लक्ष करून सांगायला लागले.

तर सारंगा. देशाचं नाव. नकाशावर शोधू नका, छापणाऱ्याच्या शाईचा ठिपका त्याहून मोठा पडतो. विषुववृत्ताच्या खाली, चारी बाजूंना नुसतं पाणी. एक रस्ता, रस्त्याला दोनशे घरं, घरांत मिळून हजाराला थोडी कमी माणसं. पण देश म्हणजे देश. झेंडा आहे, टपालाचं तिकीट आहे, जगाच्या सभेत खुर्ची आहे. पंतप्रधान कतरीनाबाय बेकरी चालवते. आरोग्यमंत्री धाकोजी बर्फाचा कारखाना चालवतो, कारण औषधं थंड ठेवायची सोय त्याच्याकडेच.

"म्हणजे आपली ग्रामपंचायतच की," गजा म्हणाला.

"ग्रामपंचायतीत दोन पार्ट्या असतात. तिथे सगळेच एकमेकांचे साडू आणि मेहुणे. भांडायचं झालं तर माणूस समुद्राशी भांडतो."

फार वर्षांपूर्वी आपल्याच बाजूच्या खलाशांनी भरलेलं एक जहाज त्या बेटाच्या खडकावर फुटलं. जे किनाऱ्याला लागले त्यांचा मुकादम, खलाशी त्याला सारंग म्हणायचे, तो रोज सकाळी वाळूत उभा राहून डोकी मोजायचा. कोण वाहून आलं, कोण रात्रीतून गेलं. त्या सारंगावरून बेटाचं नाव. पुढे शेजारच्या बेटांवरून बायका आल्या, मुलंबाळं झाली, बेटाचा देश झाला, पण मोजायची सवय काही सुटली नाही. रोजचं रविवारवर आलं इतकंच. रविवारी सकाळी रस्त्याच्या वरच्या टोकाला घंटा होते. मग प्रत्येक घरात जी बाई चूल पेटवते ती ओट्यावर येते आणि घरातल्या माणसांचा आकडा मोठ्याने सांगते. "सहा." "नऊ." "चार." आकडे असे घरावरून घरावर उतरत जेटीपर्यंत येतात. याला म्हणायचं हजेरी. घरात मूल जन्मलं की आकडा चढतो आणि रस्ताभर हसू पसरतं. कुणी गेलं की आकडा उतरतो. मग त्या बाईने गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि सगळ्या रस्त्याने ते एकदा परत म्हणायचं. तिकडचा अंत्यविधी तो एवढाच. रस्त्याने नाव म्हटलं नाही तोवर माणूस सुटला असं कुणी मानत नाही.

एक सूट मात्र आहे. समुद्रावर गेलेला माणूस घरात धरायचा. मासेमारीला गेला, जहाजावर नोकरीला गेला, वादळात अडकला, तरी तो घरात आहे. किती दिवस धरायचा हे कुठे ठरलेलं नाही. ते चूल पेटवणारी बाई ठरवते.

आता आवडी. ही नारबा नाखव्याची बायको. नारबा बंदराचा पायलट. विमानाचा नव्हे, आलेल्या जहाजावर चढून त्याला खडकांतून आत आणणारा. घरात नारबाची म्हातारी आई, तिला सगळा देश बया म्हणतो, आणि मुलगी मैना. मैनाला लहानपणापासून मधुमेह, रोजची इन्शुलिनची सुई. आवडीचा आकडा चार. लग्नानंतर कित्येक वर्षं ती "तीन" म्हणायची ते ओट्यालाही ऐकू जायचं नाही. मैना झाली त्या रविवारी तिने असं "चार" म्हटलं की जेटीवरचे बगळे उडाले.

"हे तुम्ही कुठून बघितलंत?" एका मासळीवालीने विचारलं.

"मी त्या मार्गावरच्या जहाजावर भंडारी होतो, बाय. तांदूळ, डिझेल, औषधं घेऊन आमचंच जहाज सारंगाला जायचं. माणसं भंडाऱ्याला सगळं सांगतात. तोंडात घास असला की पोटातलं बाहेर येतं."

आता साथीच्या पाटीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाटी तुम्ही रोज बघता, प्रत्येक बंदरात लटकलेली असते. पण ती चालते कशी, हे कुणी विचारत नाही. मागच्या मोठ्या साथीत कुणी आकडे दाबले, कुणी उशिरा सांगितले, कुणी सांगितलेच नाहीत. म्हणून शहाण्या लोकांनी ठरवलं, हे काम माणसावर सोपवायचंच नको. यंत्रावर सोपवू. यंत्राला ना मेहुणा ना निवडणूक. मग बंदराबंदरात हवा गाळणाऱ्या चाळण्या बसल्या. आपण श्वास सोडतो त्यात विषाणूचे कण असले तर चाळणी ते धरते आणि त्यांची जनुकं तिथल्या तिथे वाचते. विषाणू स्वतःच्या नकला काढताना बारीकसारीक चुका करतो. त्या चुका जुळवत गेलं की तो कुठून निघाला आणि कुणाकुणाच्या छातीत मुक्काम करून आला हेही कळतं. हुशार यंत्र, त्यात वाद नाही.

पण यंत्राला आणखी एक गोष्ट लागते: माणसं किती मेली. मग ते भागाकार करतं. पंधरवड्यात मेलेले किती, देशाची वस्ती किती, म्हणजे लाखामागे किती. लाखामागे पन्नासच्या वर गेलं की पाटीवर त्या देशाची ओळ लाल. ओळ लाल झाली की तिकडे जाणाऱ्या जहाजाचा विमा त्याच क्षणी रद्द. कुणी सही करत नाही, कुणी फोन उचलत नाही.

"हे खरं आहे," नसरीन पहिल्यांदाच बोलली. "आमचं जहाज एकदा बंदराच्या तोंडावर थांबलं होतं. समोर गोदी दिसत होती. कॅप्टनने इंजिन बंद करायला लावलं आणि सरळ मागे फिरलो."

"ऐका. इंजिनियर सांगतेय, भंडारी नव्हे," तात्या म्हणाले.

आता हा भागाकार सारंगाला लावून बघा. वस्ती हजाराच्या आत. एक माणूस मेला की लाखामागे शंभराच्या वर. एक माणूस. आपल्या देशाची ओळ तितकी लाल व्हायला पंधरवड्यात पंधरा लाख मुडदे पडावे लागतील. तिकडे एका माणसाने जीव सोडला की झालं. दोन माणसं मेली तर सारंगा जगातला सगळ्यात भयंकर देश. नाणं एकदाच उडवून छापा आला म्हणून ते नाणं छाप्याचंच आहे असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण पाटी लिहिणारी माणसं शिकलेली. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. चांगलं ठाऊक होतं. छोट्या देशांचं गणित निराळं करावं, असा ठराव सभेत आलाही होता. त्या दिवशी सारंगाची खुर्ची रिकामी होती, कारण जे जायचे तेच तेव्हा बेटावर विहीर उपसत होते. ठराव पुढच्या वर्षावर गेला. हजारभर माणसांसाठी कोण आपलं जेवण थंड करून घेणार?

आणि यातली सगळ्यात मोठी चूक सारंगाने स्वतः केली. यंत्रवाले बेटावर आले. त्यांनी विचारलं, तुमची जनगणना कोण करतं? लोक म्हणाले, रविवारी या. रविवारी त्यांनी हजेरी ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, याहून अचूक जनगणना आम्ही जगात बघितली नाही. तुम्ही काही लिहू नका, कळवू नका, आम्ही खांबाखांबावर माइक लावतो, तुमची हाक थेट यंत्रात जाईल. सारंगावाले फुगले. आपल्या बायकांचा आवाज आता जग ऐकणार. कतरीनाबायने त्या दिवशी गोड पाव फुकट वाटला. त्यातच एक कलम होतं, ते कुणी नीट वाचलं नाही: साथ चालू असताना हाकेतून कमी झालेला प्रत्येक माणूस साथीचाच धरला जाईल.

मग साथ आली. कशी आली? सारंगाने बंदर बंद केलं होतं. पण नियमात एक फट होती. ज्या नौकेवर स्वतःची चाळणी आहे तिला थांबवायचं नाही. आता स्वतःची चाळणी कोण बाळगतो? ज्याची मौजेची नौका एखाद्या गावापेक्षा मोठी असते तो. अशी एक पांढरीशुभ्र नौका आली. तिच्यावर चाळणी होती. पण ती चालू असली की गुणगुणते, आणि मालकिणीला झोप लागत नाही, म्हणून बंद ठेवलेली. नारबा नियमाप्रमाणे तिच्यावर चढला, खडकांतून वाट काढून तिला आत आणली, त्यांनी दिलेला चहा प्याला. चहा देणारा खोकत होता.

जेटीवरच्या चाळणीने दोन दिवसांत अचूक सांगितलं: विषाणू या नौकेतून आला. शाबास. आणि नौकेला काय झालं? काही नाही. नौकेला वस्ती नसते, म्हणून तिचा भागाकार होत नाही. ती दुसऱ्या दिवशी नांगर उचलून गेली.

तात्या थांबले. पाण्याकडे बघत त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. 

इवल्याशा देशातली साथ आपल्यासारखी नसते. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं रेंगाळते, कारण तिला रोज नवा माणूस मिळतो. हा बरा होईतो तो जन्माला आलेला असतो. गोवरासारख्या रोगाला एका जागी टिकून राहायला म्हणे लाखांची वस्ती लागते. सारंगात विषाणू गवतातल्या आगीसारखा पेटला. बेकरीत गेला, फुटबॉलच्या मैदानात गेला, पंधरा दिवसांत वरच्या टोकापासून जेटीपर्यंत घरोघर खोकला. आणि मग शेवटच्या माणसापाशी पोचला. त्याच्या पुढे समुद्र. जळायला काही उरलंच नाही, विझला. लशी आधी झालेल्या होत्या, माणसं अंथरुणातून उठली, धुणी वाळत घातली. नारबा मात्र उठला नाही. सारा जन्म पायलटच्या बोटीवर डिझेलचा धूर ओढलेला, छाती आधीच निकामी होत आलेली. गुरुवारी दुपारी मैनाच्या हातून पेज घेता घेता गेला.

शुक्रवारी सकाळी धाकोजी आला. हा धाकोजी नारबाचा पाठचा भाऊ, आवडीचा दीर. डोळे सुजलेले होते, पण आला होता तो मंत्री म्हणून; पायांत बूट होते.

"वहिनी, दादाला कारखान्यात नेतो. बर्फात ठेवू."

"कशाला?"

"पाटीवर जगातली साथ संपली असं आलं की मग सांगू, गेला म्हणून."

आवडीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे मेला काल, आणि मरणार पुढच्या वर्षी?"

धाकोजी बुटांकडे बघत राहिला. "नाहीतर समुद्रावर गेलाय म्हण. आपली रीतच आहे. समुद्रावरचा माणूस धरायचा."

"समुद्रावर? भावोजी, तो त्या पडवीत पडलाय. त्याचे पाय मी आत्ता धुतले."

"जहाज रविवारी येतंय," धाकोजी म्हणाला. "त्या सकाळी तू 'तीन' म्हटलंस की ते तिथूनच फिरणार. तांदळाचं काही नाही, आपण नारळ खाऊ. पण इन्शुलिन जहाजात आहे. कारखान्यात आता किती उरलंय माहीत आहे तुला? मुठीत मावेल इतकं."

"म्हणजे नवऱ्याला मेला म्हटलं तर मुलगी मारायची."

"मी नाही तसं म्हणत."

"मग कोण म्हणतंय?"

"पाटी."

"पाटीला तोंड आहे का? तिला आणा इथे. बसवा पाटावर. मी विचारते तिला."

धाकोजी रडायला लागला. आवडीला त्याचा राग आला, मग दया आली, मग दया आल्याचा राग आला. संध्याकाळी दोघांनी मिळून नारबाला घरामागच्या वाळूत पुरलं. कुणी नाव घेतलं नाही. रस्ता सगळा बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता.

बया ओट्याच्या कोपऱ्यात बसून होती. तिला दिसत कमी होतं, ऐकू सगळं यायचं.

"माझा नवरा गेला तेव्हा याच ओट्यावरून मी त्याचं नाव घेतलं," ती म्हणाली. "रस्त्याने घेतलं. त्या दिवसापासून तो माझ्या स्वप्नात येऊन जेवायला मागत नाही. माझ्या पोराला असा मधेच लोंबकळत ठेवू नको, आवडे."

"आणि नातीचं काय, बया?"

म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मला नको विचारू. माझ्याकडे आता रागाशिवाय दुसरं काही उरलेलं नाही."

मैना दारात उभी राहून ऐकत होती. सतरा वर्षांची मुलगी, बापासारखी उंच.

"आई, तीन म्हण."

"तू आत जा."

"माझ्या नावावर बाबाला जिवंत ठेवू नकोस. आपण पुरवून वापरू. मी कमी खाईन."

"तुझं औषध पुरवून वापरता येत नाही. हे तू मला शिकवलंयस."

"मग आयुष्यभर तू मला बघशील तेव्हा तुला काय दिसेल?"

आवडी तिच्या शेजारून आत गेली आणि चूल फुंकायला लागली. 

शनिवारी दुपारी ती रस्त्यावर गेली आणि घरासमोरच्या माइकच्या खांबाखाली उभी राहिली. शिव्या द्यायला गेली होती. माइक रविवारीच चालू होतो हे तिला ठाऊक होतं, तरी गेली. "तुला कुणी लावला रे इथे?" असं तिने विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्याला लावला त्या दिवशी आपणही शिडी धरायला होतो. तिला शिव्या आठवेनात. धाकोजीला द्याव्या तर तो रडतो. नौकेला द्याव्या तर ती कुठल्या समुद्रात गेली कोण जाणे. पाटी लिहिणाऱ्यांना द्याव्या तर त्यांना सारंगा नावाचा देश आहे हे तरी आठवत असेल का? एवढा मोठा राग आणि तो टाकायला बोटभर जागा नाही. तिने खांबाला एक लाथ मारली. अंगठा सुजला.

कतरीनाबाय बेकरीच्या दारातून बघत होती. पिठाचे हात पुसत आली आणि एक गरम पाव आवडीच्या हातात देऊन म्हणाली, "उद्या तू काय म्हणशील ते मी ऐकेन. मी पंतप्रधान म्हणून नाही सांगत."

"पंतप्रधान म्हणून काय सांगशील?"

"ते विचारू नको. ते मला सांगायचं नाहीये."

"आणि तुम्ही कुठे होतात या वेळेला?" गजाने मधेच विचारलं.

"जहाजावर. बेटापासून एका रात्रीच्या अंतरावर. कांदा चिरत होतो. बेटाच्या हजेरीचा आवाज आम्हाला कॅप्टनच्या रेडिओवर लागायचा. आता मधे बोलू नको."

रविवार. घंटा झाली. आवडीचं घर वरून तिसरं. पहिल्या घरातून "आठ". दुसऱ्यातून "पाच". मग तिची पाळी. ती ओट्यावर आली. डावीकडे बया, उजवीकडे मैना. मैनाने आईचा हात धरला नव्हता. तिला कुठल्याच बाजूला ओढायचं नव्हतं. सगळा रस्ता थांबला. धाकोजी जेटीवर, पाटीखाली उभा होता, त्याने डोळे मिटले. जहाजावर कॅप्टनने रेडिओचा आवाज वाढवला.

आवडीने तोंड उघडलं आणि म्हणाली:

"तीन. नारबा नाखवा गेला."

जेटीवर सारंगाची ओळ लाल झाली. कॅप्टनच्या समोरच्या पडद्यावर विमा रद्द झाल्याचा निरोप आला. सुकाणूवाल्याने चाक धरलं.

तेवढ्यात चौथं घर. चौथं घर कतरीनाबायचं, आणि तिच्या घरात माणसं सहा, हे पोरासोरांना पाठ. कतरीनाबाय ओट्यावर आली, कमरेवर हात ठेवले.

"पाच," ती म्हणाली. "आमचा नारबा नाखवा गेला."

पाचवं घर. "सात. आमचाही नारबा गेला." सहावं. "तीन. नारबा नाखवा गेला." सातवं, आठवं, नववं. प्रत्येक घराने एक माणूस कमी केला आणि प्रत्येक घराने नाव घेतलं. आकडे जेटीपर्यंत उतरले तोवर यंत्राच्या हिशोबी सारंगात दोनशे माणसं एका दमात मेली होती.

आता गंमत बघा. यंत्राला एक शिकवणूक दिलेली असते. तापाची नळी एका क्षणात शंभरावरून उकळत्या पाण्यापर्यंत गेली, तर रोगी उकळला असं मानायचं नसतं, नळी बिघडली असं मानायचं असतं. मोजमाप करणाऱ्या कुठल्याही यंत्राला ही अक्कल लागते. एक मेला तेव्हा यंत्राने विश्वास ठेवला. दोनशे मेले तेव्हा ते म्हणालं, माइक बिघडला. लाल ओळ पुसली, तिथे लिहून आलं: माहिती सदोष. आणि माहिती सदोष असली की निर्णय कुणी घ्यायचा? कॅप्टनने. माणसाने. एवढं कलम तेवढं शिल्लक होतं. कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साहेब, आत घ्या, भात लागायला आलाय. घेतलं आम्ही जहाज आत. इन्शुलिनची पेटी धाकोजीने स्वतः खांद्यावरून नेली. आणि संध्याकाळी सगळा देश घरामागच्या त्या वाळूपाशी उभा राहिला आणि एकदा, एका आवाजात, नारबाचं नाव घेतलं. बया म्हणाली, आता तो झोपला.

तात्या बोलायचे थांबले. मासळीवाल्यांपैकी एक पदराने डोळे पुसत होती. गजाच्या हातातली तिकिटं तशीच राहिली होती. खाडीचं पाणी तरीच्या पोटाला लागत होतं.

"खोटं," नसरीन म्हणाली.

तात्यांनी मान वळवली. "मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, विश्वास बसणार नाही म्हणून."

"जहाज आत गेलं ते खरं. मैना जगली तेही खरं, मी तिच्याशी बोललेय. बाकीचं तुम्ही रचलेलं आहे."

"तू कशावरून म्हणतेस?"

"गेल्या महिन्यात आमचं जहाज सारंगाला लागलं होतं. रविवार होता. घंटा झाली तेव्हा मी त्या रस्त्यावर उभी होते." नसरीन पिशवीवरून उठली. तिचा आवाज चढला नाही, पण मासळीवालीने डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. "वरून तिसऱ्या घराच्या ओट्यावर बया, आवडी आणि मैना, तिघीच बसल्या होत्या, तात्या, घरात चौथं कुणी नव्हतं. आणि हाक आली ती चारची."